पाबळच्या सांजेचं अत्तर

दिवाळी सरली की पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या माळावर तिन्हीसांजेचे वास ठरलेल्या क्रमानं येतात. आधी धूळ येते, चरून परतणाऱ्या मेंढरांच्या खुरांनी उडवलेली, कोरडी, नाकात चुरचुरणारी. तिच्या पाठोपाठ लोकरीचा उग्र दर्प. मग धूर, गोवऱ्यांचा आणि वाळक्या काटक्यांचा. मग कुठल्यातरी विहिरीवर मोटर सुरू होते, पाटानं पाणी पळू लागतं आणि दिवसभर तापलेल्या ढेकळांचा ओला वास उठतो. पुरता अंधार पडला, की ज्यांच्या रानात गुलछडी आहे तिकडून तिचा गोड, जड वास बांधाबांधानं सरकत येतो.

गोठा, उकिरडा, चूल, शेत हे सगळं दुपारीही जागच्या जागीच असतं. पण दुपारी तापलेली जमीन हवेला सारखी वर ढकलत असते आणि त्या हवेबरोबर वासही उंच जाऊन विरतात. सूर्य गेला की जमीन झपाट्यानं निवते. तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरच्या थराला तेवढी थंडी पोचलेली नसते. म्हणून हिवाळ्यात चुलीचा धूर सरळ वर न चढता छपरांच्या उंचीवर आडवा पसरलेला दिसतो. त्याच्याखाली माणसांचे, जनावरांचे, पिकांचे वास कोंडून राहतात आणि एकमेकांत मिसळतात. दिसणं कमी होत जातं तेही नेमकं याच वेळी. दिवसभर डोळ्यांनी सांभाळलेला कारभार मग नाक आणि कान हातात घेतात.

हा तास कुपीत भरावा असं माणसाला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. पॅरिसच्या जॅक गेर्लां यांनी १९१२ मध्ये ‘लर ब्लू’ नावाचं अत्तर केलं. सूर्य मावळलेला आहे, चांदण्या अजून उगवायच्या आहेत, अशा निळ्या प्रहराचं ते अत्तर. त्यात बडीशेपेच्या जातीचा तिखटगोड वास आहे, लवंगेची आठवण देणारं कार्नेशन आहे, आयरिसच्या कंदाचा पिठूळ वास आहे आणि तळाशी व्हॅनिला. दोनच वर्षांनी युरोपात महायुद्ध पेटलं आणि युद्धापूर्वीच्या पॅरिसची संध्याकाळ अशी त्या अत्तराची ओळख होऊन बसली. ते आजही विकलं जातं. शहर बदललं, रस्त्यावरचे दिवे बदलले, तरी एका माणसानं त्या वेळेला लावलेलं नाव आणि दिलेला वास टिकून आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आज असं धाडस मोठ्या कंपन्यांपेक्षा छोटे, स्वतंत्र अत्तरकार अधिक करतात. एक खोली, एक बारीक तराजू, ड्रॉपर, कपाटभर बाटल्या आणि स्वतःच्या नाकावरचा भरवसा एवढ्या भांडवलावर ही माणसं पावसाआधीच्या हवेचं, विझत्या शेकोटीचं, एखाद्या गावाचं अत्तर करायला बसतात. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘बॉम्बे परफ्युमरी’नं ‘कालिकत’, ‘मदुराई टॉकीज’ अशी गावांच्या नावांची अत्तरं काढली. मराठी माणसाला हा धंदा नवा नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंधांच्या व्यवसायात आहे, आणि मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयात परफ्युमरी आणि कॉस्मेटिक्सचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. ज्ञान आहे, नाकं आहेत. आपल्या सांजेचं अत्तर मात्र अजून माझ्या हाताला लागलेलं नाही.

रात्रीचं नाव घेऊन येणारी बहुतेक अत्तरं एकाच वाटेनं जातात. मोगरा किंवा रातराणी, थोडं चंदन, थोडी व्हॅनिला, वर कस्तुरीचा भास. त्यातली रात्र मखमली असते आणि त्या रात्रीत कुणालाच काम नसतं. दिवसभराचं उरकून, अंघोळ करून, दिवाणखान्यात बसलेल्या माणसाची ती रात्र असते. तीही खरीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पाबळमध्ये, शिरूर-दौंडच्या रानांत, कितीतरी लोकांचं निम्मं काम दिवे लागल्यावर सुरू होतं. त्यांच्या अंधाराचा वास कुपीत आलाच नाही, तर ती कुपी अर्धीच राहिली असं मी समजेन.

पाबळचं नाव काढलं की लोकांना मस्तानी आठवते. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिला इनाम होती. १७४० मध्ये बाजीराव गेले, त्याच वर्षी तीही गेली आणि इथंच तिची कबर आहे. सिनेमानं तिच्या आयुष्याला आरसेमहाल आणि झुंबरं दिली. इथली कबर साधी आहे, चार भिंतींच्या आवारात. कबरीपाशी संध्याकाळी थांबलं तर आजूबाजूच्या घरांचा धूर नाकाला लागतो, आणि मला तरी तो तिथं परका वाटत नाही.

आता गुलछडीकडे येतो, कारण या सगळ्या विचाराचा धागा तिच्यातच आहे. शहरातले लोक तिला निशिगंध म्हणतात, शेतात आणि मार्केट यार्डात ती गुलछडी असते. ती मूळची मेक्सिकोची, पण पुणे जिल्ह्यातल्या बाप्यांनी आणि बायांनी तिला इतकं आपलं केलं आहे, की ती बाहेरून आली हे सांगावं लागतं. एकेरी पाकळ्यांची फुलं सुटी, किलोवर विकली जातात. दुहेरी पाकळ्यांची दांड्यासकट, गुच्छासाठी. तोडणी उन्हं यायच्या आत करावी लागते. डोक्याला बॅटरी बांधून, ओल्या सरीतून पुढं पुढं सरकत बाया कळ्या खुडतात, आणि सकाळी तो माल पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात असतो. तोडणाऱ्या हातांना नंतर घरी भाकरी थापतानाही त्या फुलांचा वास येतो.

ही फुलं पांढरी आहेत, लांब नळीची आहेत आणि संध्याकाळनंतर वास सोडतात, याला कारण आहे. त्यांच्याकडे येणारे पतंग रात्री उडतात आणि त्यांची सोंड लांब असते. अंधारात रंगाचा काय उपयोग? म्हणून फूल रंगावर खर्च करत नाही, वासावर करतं. गुलछडीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे खुडल्यावरही तिचं वास तयार करणं थांबत नाही. फ्रान्समधल्या ग्रास गावातल्या अत्तरकारांनी याचाच फायदा घेतला. काचेच्या तावदानावर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर फुलं पसरायची, वास ओढून झाला की ती काढून ताजी पसरायची, असं चरबी वासानं भरून जाईपर्यंत. आता हे काम हेक्झेनसारखी द्रावकं करतात. त्या पद्धतीनं किलोभर मेणचट अर्क मिळवायला हजार किलोच्या आसपास फुलं लागतात. गुच्छात ठेवलेल्या दोन दांड्यांनी खोली भरून जाते, तिथं हा हिशेब कळला की फुलाकडे बघण्याची नजरच बदलते.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. गुलछडीच्या आणि मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं एक संयुग असतं. ते वेगळं काढून दाट स्वरूपात हुंगलं तर नाक मुरडावं लागेल, कारण विष्ठेच्या दुर्गंधीतही तेच असतं. फुलात ते अगदी थोडं असतं. तेवढं काढून टाकून फुलाचा वास जुळवला, तर साबणाच्या वडीतला मोगरा हाती येतो: गोड, स्वच्छ आणि निर्जीव. रात्रीच्या फुलाला जी खोली असते, जो किंचित अस्वस्थ करणारा जडपणा असतो, तो त्या घाणेरड्या कणामुळे. म्हणजे फुलानंच आपल्या सुगंधात दुर्गंध जपून ठेवला आहे आणि त्याचं प्रमाण सांभाळलं आहे.

आपल्याकडच्या जुन्या गंधशास्त्राला हे ठाऊक होतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे यांनी आयुष्य हस्तलिखितांत घालवलं. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि कर्त्याचं नाव नसलेला ‘गंधवाद’ या दोन संस्कृत ग्रंथांकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं ते त्यांच्यामुळे. यातल्या ‘गंधवादा’वरची टीका मराठीत आहे! अत्तरं, धूप, सुगंधी तेलं कशी करावीत हे कुणीतरी कित्येक शतकांपूर्वी मराठीत समजावून लिहून ठेवलं. दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं छापले. या गोष्टीचा मराठी शाळा-कॉलेजांत कुठं उल्लेखही होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘गंधसारा’त गंधाची सहा कर्मं दिली आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. शेवटचं वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून वास मुरवणं. तिळाचा थर, फुलांचा थर, पुन्हा तिळाचा थर, फुलं कोमेजली की ताजी, आणि शेवटी ते तीळ घाण्यातून काढायचे, ही फुलेल करण्याची आपल्याकडची रीत त्याच वंशातली. ग्रासच्या चरबीच्या तावदानांमागचं तत्त्व इथं तिळात आहे. पाचवं, धूपन, म्हणजे धूर देणं. धूर त्या लोकांना अत्तराच्या कामातला भागीदार वाटत होता. आणि त्या काळच्या सुगंधद्रव्यांत नखी असे, शंखातल्या जीवाची झाकणी, जी नुसती जाळली तर नाकाला फडकं लावावं लागतं. जवादी असे, मांजरासारख्या प्राण्याच्या ग्रंथीतून निघणारी, कच्ची असताना उबग आणणारी. ही द्रव्यं त्यांनी टाकून दिली नाहीत. संस्कार केले, प्रमाण ठरवलं आणि मिश्रणात जागा दिली.

मग सांजेतून आपण धूर, शेण, घाम आणि भीती गाळून का टाकावी?

भीती हा शब्द मी जपून वापरतो आहे. शेतीपंपांची वीज इथं बरीच वर्षं आळीपाळीनं मिळत आली, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जेवून उठून रानात जायचं, थ्री फेज आली की मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी, पायात जमलं तर गमबूट. एका वाफ्याचं दार मोडून दुसऱ्याचं भरायचं, पुन्हा तिसऱ्याकडे. कांद्याच्या लागणीत हे रात्रभर चालतं. अशा कामात मुरलेल्या एका आजोबांनी मला बांधावर बसून सांगितलं होतं, “बॅटरी कशाला लावायची सारखी? ओलीचा वास पुढं सरकतो, दादा. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं की नाकालाच कळतं.” पहिल्या पावसाच्या मातीच्या वासावर शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला, त्यात कनौजच्या मिट्टी अत्तराचाही उल्लेख आहे. आजोबांचं ज्ञान त्याच जातीचं, फक्त ते पाण्याच्या हिशेबासाठी वापरलेलं. हा पट्टा कोरडवाहू. वेळ नदीला बारमाही पाण्याचा भरवसा नाही. इथं ओल्या मातीचा वास म्हणजे आठवड्याची पाळी वाया गेली नाही याची पावती.

त्याच अंधारात बिबट्या असतो. उसाचं क्षेत्र वाढलं तसा तो उसात राहायला आला, तिथंच विऊ लागला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं माणसं मारली, त्यांत लहान मुलंही होती. लोक रस्त्यावर उतरले. तेव्हापासून तालुक्यातल्या कितीतरी घरांत दिवेलागणीच्या वेळी पहिलं काम पोरांना आत घेण्याचं असतं. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे. सौर कृषी वाहिनीच्या योजनेतून काही ठिकाणी ती पुरी होते आहे आणि जिथं होते तिथल्या बायकांच्या बोलण्यात फरक पडलेला मी ऐकला आहे. माझ्या मते ही मागणी सगळ्या अत्तरांच्या आधी येते. ज्याला अंधाराची धास्ती आहे त्याला अंधाराचा सुगंध घ्यायला सवड कुठून मिळणार?

तरीही त्या अंधारात सुगंध असतो आणि त्याच माणसांना तो सर्वांत जास्त ठाऊक असतो. दौंडच्या बाजूला, राहू-केडगावकडे, या दिवसांत गुऱ्हाळं पेटलेली असतात. चुलवाणात चिपाडं जळतात, काहिलीत रस उकळतो, मळी काढली जाते आणि गूळ होण्याच्या जरा आधी एक क्षण असा येतो की वासात गोडी, जळकेपणा आणि कच्च्या उसाची हिरवी चव तिन्ही असतात. गुळव्या तो क्षण वासावरून ओळखतो आणि काहील उतरवायला सांगतो. कुठलाही मोठा अत्तरकार त्या गुळव्याशेजारी बसून शिकेल.

म्हणून मला वाटतं, हे अत्तर इथंच व्हावं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातलं काम सोडून पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हातानं काम करत विज्ञान शिकावं, ही त्यांची धारणा. २००२ पासून तिथं फॅब लॅब आहे, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज ही कामं जिथं पोरं करून शिकतात, त्या गावात अर्क काढायचं एक लहान भांडं बनवणं अवघड नाही. अत्तराचं अर्धं काम तर लोहारकाम आणि तांबटकामच आहे. कनौजची देग आणि भपका ही अर्क काढायची भांडी पाहिली की हे पटतं.

मिश्रण काय असावं याचा विचार मी बराच केला आहे. वर, पहिल्या क्षणी, धूळ हवी. त्याला भाजलेल्या मातीचा अर्क चालेल. मधे गुलछडी, पण तिळात वासवलेली. बाजार पडतो तेव्हा फुलांचा तोडणीखर्चही निघत नाही. ती फुलं तिळाच्या थरात घातली तर हेक्झेनचा कारखाना लागणार नाही, गावचा घाणा पुरेल, आणि इंडोल काढण्याचा प्रश्नच येणार नाही. गुऱ्हाळाची जळकी गोडी थोडी. तळाशी वाळा आणि नागरमोथा. नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात असतो, त्याच्या मुळाच्या तेलाला धुरकट, लाकडी वास असतो आणि अत्तरकार त्याला मान देतात. त्याच्या जातीचा लव्हाळा इथं प्रत्येक वाफ्यात खुरपावा लागतो. ज्याला शिव्या देत बायांनी कंबर मोडून घेतली, त्याचाच गोतावळा या अत्तराचा पाया होईल. गोवरीचा धूर धूपनाच्या जुन्या रीतीनं तेलात मुरवायचा. मेंढरांच्या वासासाठी लोकर उकळून बघावी लागेल, ते जमेल की नाही ते करूनच कळेल.

उरला कांदा. पाबळच्या रात्रीत तो असलाच पाहिजे. चाळीतला, आणि लागणीच्या वेळी रोपांच्या पातीचा. त्याच्या वासात गंधकाची संयुगं आहेत, एक थेंब जास्त झाला तर सगळी कुपी वाया जाईल. अत्तरकार अशी द्रव्यं आधी अल्कोहोलात पातळ करून घेतात आणि मग त्यातला थेंब वापरतात. हजारात एकपासून सुरुवात करावी, पुढं दहा हजारात एकपर्यंत उतरावं. आणि पहिल्या कुप्या तयार झाल्या की मुंबई-पुण्याच्या दुकानांत धाडण्याआधी रात्रपाळीला दारं धरणाऱ्यांच्या आणि पहाटे कळ्या खुडणाऱ्या बायांच्या मनगटाला लावाव्यात, कांदा कमी पडला की जास्त झाला हे त्यांना विचारावं, आणि ते सांगतील त्याप्रमाणे प्रमाण बदलावं.